क्रूझ ११० वर, चलान १०९ चं. कॅमेरा चुकला की काटा?

डोंबिवलीकर_दोन | शुक्रवार, रात्री १०:४२

मंडळी, जरा डोकं चालवा, माझं बंद पडलंय.

डोंबिवलीहून पुण्याला महिन्यातून दोनदा तरी जाणं होतं (सासुरवाडी). गाडी पाच वर्षांची, पेट्रोल, क्रूझ कंट्रोल (लावून दिलेला वेग गाडी स्वतःच धरून ठेवते ती सोय) असलेली. नवीन असतानाच लक्षात आलं होतं की काट्यावर १०५ असले की फोनवरचा नकाशा १०० दाखवतो. ८४ असले की ८०. तेव्हापासून माझं गणित ठरलेलं: काट्यातून पाच टक्के वजा करायचे आणि निवांत बसायचं.

मागच्या महिन्यात सासरे शेजारी होते. एक्सप्रेसवेवर कामशेतच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, क्रूझ ११० वर लावला. फोन मुलीच्या हातात, त्यामुळे नकाशा बंद. सासरे म्हणाले, "एकशेदहा दिसतायत हो." मी ऐटीत सांगितलं, "बाबा, गाडीचा काटा खोटं बोलतो. खरे १०५ च आहेत, आणि पाचाला कोण विचारतंय?"

आठ दिवसांनी विचारलं. ई-चलान. मर्यादा १००, नोंदलेला वेग १०९.

दंडाचं सोडा, पण १०९ आले कुठून? माझ्या हिशोबाने १०५ यायला हवे होते. कॅमेऱ्याविरुद्ध तक्रार करायची म्हणतोय. कुणी केली आहे का?

अवांतर: हल्ली अ‍ॅव्हरेजही पडलाय. आधी हायवेला १८ मिळायचा, आता १७.३ च्या वर जात नाही. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी केलंय. गाडी म्हातारी व्हायला लागली की काय?

---

पावशेर | शुक्रवार, रात्री १०:५८

सासऱ्यांना "काटा खोटं बोलतो" म्हणायची हिंमत केलीत, त्याबद्दल +१. बाकी तज्ज्ञ येतीलच, मी शेंगदाणे घेऊन बसतो.

---

चेतक८६ | शनिवार, सकाळी ७:१५

तुमच्या गाड्यांचे काटे निदान एका जागी उभे राहतात. आमच्या चेतक स्कूटरच्या मीटरची केबल पुढच्या चाकातून यायची आणि वर्षातून एकदा तरी तुटायची. तुटायच्या आधी दोन महिने काटा लेझीम खेळायचा: ३०, ५०, ३०, ५०. मधलं काढून घ्यायचं आणि पुढे चालायचं.

त्या मीटरची रचना मात्र सुंदर होती. केबलच्या टोकाला फिरणारा लोहचुंबक, त्याच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी. दोघांचा एकमेकांना स्पर्शही नाही. चुंबक फिरला की वाटीत भोवरा प्रवाह (धातूत गोल फिरणारे विजेचे प्रवाह) तयार होतात, वाटी त्याच्यामागे ओढली जाते, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबेल तिथे काटा. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झने १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि पुढे ऐंशी-नव्वद वर्षं जगभर हेच चाललं. स्प्रिंग थकली, चुंबक उतरला, ऊन लागलं, की मीटरचा आकडा बदललाच. त्यामुळे आमच्या पिढीने काट्यावर कधी विश्वासच ठेवला नाही. चलान येण्याचाही प्रश्न नव्हता, चेतक उतारावरसुद्धा विचार करून पळायची.

---

इसारकाठ | शनिवार, दुपारी १:३०

म्युनिकहून.

धागाकर्त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. काटा जास्त दाखवतो, पण ते चुकून नाही. युरोपात आणि इतर बऱ्याच देशांत संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा वाहन नियम लागू आहे. त्यात एकच गोष्ट सक्त आहे: काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवायला मात्र भरपूर मोकळीक, खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किमी. म्हणजे खरे १०० असताना काट्यावर ११४ दिसले तरी गाडी नियमात बसते. ९९ दिसले तर नापास.

मग कोणती कंपनी शंभराला शंभर दाखवायचा धोका पत्करेल? सगळे थोडं वर ठेवतात. इथे शेजारपाजारचे लोक सर्रास "टाखो"वर एवढे म्हणजे खरे एवढे, असं बोलतात. (टाखो म्हणजे स्पीडोमीटर.)

---

डोंबिवलीकर_दोन | शनिवार, दुपारी २:०५

@इसारकाठ, धन्यवाद! म्हणजे माझं म्हणणं खरंच ठरलं की. काटा जास्त दाखवतो, मग ११० ला १०९ होणार कसे? कॅमेराच चुकलाय.

---

राजमार्ग_४८ | शनिवार, दुपारी ४:२०

कॅमेऱ्यावर जाण्याआधी फोनवर या. जीपीएस घाटात कमी वेग दाखवतो, कारण तो वरून बघतो. तुम्ही तिरके चढताय, तो सपाट अंतर मोजतो. तुमचं ते १०५ ला १०० घाटात मोजलेलं असणार.

---

वजनमाप | शनिवार, सायंकाळी ६:४५

@राजमार्ग, कल्पना छान आहे, गणित करून बघू. वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, असा खडा चढ धरा. तिरकं अंतर सपाट अंतरापेक्षा जेमतेम सव्वा हजारांश जास्त. ताशी १०० वर हा फरक शंभर-सव्वाशे मीटरचा. काट्यात तो दिसणारही नाही. जीपीएस खरा गंडतो तो बोगद्यात (भाताण, माडप, कामशेत, अनुभव घेऊन बघा) आणि वेग झपाट्याने वाढत किंवा कमी होत असताना, कारण आकडा क्षणभर मागे राहतो. एकसारख्या वेगाने उघड्या रस्त्यावर जात असाल तर फोन गाडीच्या काट्यापेक्षा जास्त भरवशाचा.

बरं, आता मूळ रोग्याकडे. आयुष्यभर मोजमापाची उपकरणं तपासण्यात गेलं, त्यामुळे एक खोड लागली आहे: दोन उपकरणं भांडत असतील तर मधे काय बदललं ते आधी विचारायचं.

धागाकर्ते, तुमची तक्रार एक नाही, दोन आहेत. काटा पूर्वीइतकं जास्त दाखवत नाही, आणि अ‍ॅव्हरेज पडलाय. दुसरी तुम्ही "अवांतर" म्हणून खाली टाकलीत. माझ्या मते तीच मुख्य आहे.

एकच प्रश्न: टायर बदललेत का?

---

टुरिस्टवाला_सातारा | शनिवार, रात्री ९:१०

माझी पिवळ्या पाटीची गाडी आहे. आम्हाला ८० चा गव्हर्नर असतो (नियम ११८, ऑक्टोबर २०१५ नंतरच्या गाड्यांना कंपनीतूनच). ॲक्सिलरेटर किती पण दाबा, गाडी पुढं जात नाही. पण काट्यावर ८३-८४ दिसतात. नवीन पॅसेंजर म्हणतो, दादा गव्हर्नर काढलाय का तुम्ही? आता त्याला काय सांगायचं. गव्हर्नर बरोबरच आहे, काटाच चार पुढं पळतोय.

एक्सप्रेसवेला पाठीमागनं लोक दिवे मारतात ते वेगळंच.

---

डोंबिवलीकर_दोन | शनिवार, रात्री ११:३०

@वजनमाप, हो, बदलले ना. चार-पाच महिने झाले. कंपनीचे १८५/६५ आर१५ होते, पार गुळगुळीत झाले होते. टायरवाला म्हणाला, साहेब त्याच रिमवर २०५/६५ बसतात, गाडी रस्त्याला चिकटून चालेल, खड्ड्यात कमी आपटेल. खरंच मस्त चालते. पण त्याचा वेगाशी काय संबंध? चाक तेच पंधरा इंची आहे.

---

पावशेर | शनिवार, रात्री ११:३४

शेंगदाणे संपले, पण आता कुणी उठू नका.

---

वजनमाप | रविवार, सकाळी ८:२०

सापडलं. चहा घेऊन बसा, थोडं लांबेल.

पहिली गोष्ट. गाडीला वेग कळतच नाही. तिला फक्त चाक किती वेळा फिरलं तेवढंच कळतं. चाकाजवळ दातेरी किंवा चुंबकी कडं असतं, त्याच्यासमोर एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) सेन्सर. तो टिचक्या मोजतो. एका फेऱ्यात रस्ता किती कापला, हा आकडा कारखान्यात कंपनीच्या टायरवरून आत लिहून ठेवलेला असतो. टायर बदलला तरी तो आकडा तसाच राहतो, गाडीला पत्ताच नसतो.

दुसरी गोष्ट, ६५ म्हणजे काय. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ मात्र मिलिमीटर नाहीत, त्या रुंदीचे टक्के आहेत. टायरवाले हे सांगत नाहीत किंवा त्यांनाही ठाऊक नसतं. १८५ चे ६५ टक्के म्हणजे टायरची भिंत १२०.२५ मिमी. २०५ चे ६५ टक्के म्हणजे १३३.२५. पंधरा इंची रिम दोन्हीकडे ३८१ मिमी. वर-खाली दोन भिंती मिळवा: जुन्या टायरचा व्यास ६२१.५ मिमी, नव्याचा ६४७.५. टायर नुसता रुंद नाही झाला, चाक सव्वाचार टक्क्यांच्या आसपास मोठं झालं. नेमकं सांगायचं तर ४.१८.

आता तुमचं ११०. जुन्या हिशोबाने (१०५ ला खरे १००) ११० भागिले १.०५, म्हणजे १०४.७६. पण प्रत्येक फेऱ्याला चाक ४.१८ टक्के जास्त रस्ता कापतंय. १०४.७६ गुणिले १.०४१८. कॅल्क्युलेटर काढा.

१०९.१ येतात. कॅमेऱ्याने तुमच्या बाजूने पूर्णांक धरला म्हणायचं.

अ‍ॅव्हरेजचंही तेच. ओडोमीटर (एकूण किती किमी झाले ते लिहिणारा मीटर) त्याच टिचक्यांवर चालतो. गाडी १०४ किमी पळते तेव्हा तो १०० च लिहितो. १८ भागिले १.०४१८ करा, १७.२८. इंजिन ठणठणीत आहे, तुम्ही किलोमीटरच कमी मोजताय. (रुंद टायरने पेट्रोल थोडं जास्त लागू शकतं, पण तुमच्या आकड्यात त्याला फारशी जागा उरलेली दिसत नाही.)

आणि एक गंमत. जुने टायर गुळगुळीत झाले होते म्हणालात. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते, बदलायची खूण १.६ मिमीवर. म्हणजे झिजताना व्यास पावणेतेरा मिमीने घटतो, सुमारे दोन टक्के. जुन्या टायरवर शेवटी शेवटी काटा पाच नाही, सात टक्के जास्त दाखवत असणार. तुम्ही फोन बघायचं सोडून दिलं होतंत, म्हणून कळलं नाही. सात टक्क्यांवरून थेट पाऊण टक्क्यावर आलात, एका दुपारी, टायरच्या दुकानात.

---

डोंबिवलीकर_दोन | रविवार, सकाळी ८:५१

बाप रे.

---

ओहायो_ओवी | रविवार, सकाळी ९:४०

ओडोमीटरवरून आठवलं. इथे अमेरिकेत होंडाविरुद्ध याच कारणासाठी सामूहिक दावा झाला होता. २००२ ते २००६ च्या मॉडेलांचे ओडोमीटर किलोमीटर (इथले मैल) जास्त मोजतात, त्यामुळे वॉरंटी लवकर संपते, असा आरोप. शेवटी तडजोड झाली आणि कंपनीने वॉरंटीचं अंतर ५ टक्क्यांनी वाढवून दिलं. काट्याबद्दल कुणी कोर्टात जात नाही, पण ओडोमीटर पैशाशी जोडलेला आहे ना! म्हणूनच काटा मुद्दाम वर ठेवला तरी ओडोमीटर खऱ्याच्या जवळ ठेवतात. दोघांना टिचक्या एकाच सेन्सरकडून मिळतात, हिशोब वेगवेगळा.

---

राजमार्ग_४८ | रविवार, सकाळी १०:१५

मग ओबीडीला (गाडीच्या संगणकाला जोडायचं सॉकेट) ब्लूटूथचं डोंगल लावा की. हजार रुपयांच्या आत येतं. त्यात खरा वेग दिसतो, माझ्या गाडीत काट्यापेक्षा चार कमी दाखवतं.

आणि हवा कमी भरली की पण काटा चुकतो, कुणी बोललं नाही.

---

वजनमाप | रविवार, सकाळी ११:००

डोंगल अर्धं बरोबर. त्यात दिसतो तो गाडीच्या संगणकातला वेग, काट्यासाठी वाढवण्याआधीचा. काटा मुद्दाम वाढवलेला असतो याचा तो चांगला पुरावा आहे. पण तोही टिचक्यांवरूनच काढलेला! धागाकर्त्यांच्या गाडीत तो १०४-१०५ दाखवेल आणि गाडी १०९ ने पळत असेल. टायर बदललेल्या माणसाला डोंगल धीर देईल, सत्य नाही.

हवेचा परिणाम रेडियल टायरमध्ये फार थोडा. आतला पोलादी पट्टा ताणत नाही, त्यामुळे टायर बसका दिसला तरी एका फेऱ्यातलं अंतर फारसं बदलत नाही. हवा कमी ठेवू नका, पण त्याची कारणं वेगळी.

---

वाळवंटी_वाटसरू | रविवार, दुपारी १२:३०

धागाकर्त्यांची खरी चूक टायर नाही. "पाचाला कोण विचारतंय" ही आहे.

मी दुबईत राहत होतो, मग नोकरी बदलून अबू धाबीला आलो. दुबईत पाटीवर १०० असतील तर १२० पर्यंत कॅमेरा डोळा मारत नाही, सगळ्यांना पाठ असतं. अबू धाबीने ही वीसची सूट ऑगस्ट २०१८ मध्ये काढून टाकली, त्याऐवजी पाटीवरचे आकडेच वाढवले. मी पहिल्या आठवड्यात जुन्या सवयीने पाटीच्या वर वीस धरून गेलो. घरी पोचेपर्यंत मोबाइलवर मेसेज हजर.

---

इसारकाठ | रविवार, दुपारी २:४५

जर्मनीत मोजणीतून १०० पर्यंत ३ किमी आणि त्याच्या वर ३ टक्के वजा करून मग दंड लावतात. पण ती सूट उपकरणाच्या चुकीसाठी आहे, चालकाला दिलेली भेट नाही. काट्याने वर दाखवलेले पाच आणि यंत्राने सोडलेले तीन मिळवून आठ वापरायचे, असा हिशोब इथेही लोक करतात. चालतो, चालतो, आणि हिवाळ्याचे टायर वेगळ्या मापाचे बसवले की एक दिवस चालत नाही.

---

बोगदा_क्र_३ | रविवार, दुपारी ३:१०

तक्रार करायचीच असेल तर कोनाचा मुद्दा घ्या. स्पीडगन रस्त्याच्या कडेला असते, तिरकी बघते, म्हणून चुकीचं मोजते.

---

वजनमाप | रविवार, दुपारी ३:२५

तिरकी बघते तेव्हा कमी मोजते, जास्त नाही. वीस अंशाच्या कोनातून १०० चे ९४ दिसतील. हा मुद्दा घेऊन गेलात तर दंड वाढवून मागितल्यासारखं होईल. शिवाय एक्सप्रेसवेवर २०२४ पासून जी आयटीएमएस (कॅमेऱ्यांनी वाहतुकीवर नजर ठेवणारी) यंत्रणा आहे त्यात कॅमेऱ्यांच्या दोन कमानींमधली सरासरीही काढतात. एका कमानीखालून किती वाजता गेलात, दुसरीखालून किती वाजता, मधे अंतर किती. तिथे कोन नाही, काटा नाही, आणि कॅमेरा दिसल्यावर मारलेला ब्रेकही नाही.

---

घाटमाथा_ताई | रविवार, सायंकाळी ५:५०

सगळे काट्यावर बोललात, क्रूझवर कुणीच नाही. क्रूझला बाहेरचा वेग माहीत नसतो. तो त्याच टिचक्या धरून ठेवतो, आणि समोर दिसणारा आकडा बहुतेक गाड्यांत काट्याच्या भाषेतला असतो. त्यामुळे काट्याची चूक जशीच्या तशी क्रूझमध्ये उतरते. फरक एवढाच की पायाने चालवताना आपण ९५ ते ११० मध्ये हेलकावे खात असतो, क्रूझ एकच चूक तासभर इमानाने धरून ठेवतो. सरासरी मोजणाऱ्या कॅमेऱ्यापुढे हे फार वाईट.

क्रूझ ज्याने शोधला तो राल्फ टीटर लहानपणापासून अंध होता, हे किती जणांना ठाऊक आहे? पाच वर्षांचा असताना डोळ्याला सुरी लागली आणि दृष्टी गेली. मोठेपणी त्याचा वकील गाडी चालवायचा आणि बोलायला लागला की गाडी हळू करायचा, ऐकायला लागला की वेगात न्यायचा. शेजारी बसून टीटरला ते हिसके सहन होईनात. १९५० मध्ये त्याला पेटंट मिळालं, १९५८ च्या क्रायस्लर गाड्यांत ते पहिल्यांदा आलं. म्हणजे हे यंत्र मुळात शेजारच्या सीटवरच्या माणसाच्या सुखासाठी आहे. तुमच्या सासऱ्यांसाठी, असं समजा.

आणि कृपा करून खंडाळ्याच्या उतारावर क्रूझ लावू नका. साधा क्रूझ ॲक्सिलरेटर सोडून देऊ शकतो, ब्रेक दाबत नाही. उतारावर गाडी लावलेल्या आकड्याच्या वर सरकत जाते आणि आपले पाय जमिनीवर आरामात असतात. पावसातही नको.

---

टुरिस्टवाला_सातारा | रविवार, रात्री ८:४०

ताई बरोबर बोलल्या. घाटात तिसरा गिअर आणि पाय ब्रेकवर, दुसरं काही नाही.

डोंबिवलीकर, परत कंपनीच्या मापाचे टायर टाका. पाचशे-हजार किमीची गोष्ट नाही, पुढचे चाळीस हजार चुकीचे लिहिले जाणार. गाडी विकताना पण मीटरमध्ये खोट आली.

---

डोंबिवलीकर_दोन | पुढचा शनिवार, रात्री ९:३०

उशिरा लिहितोय, कारण आधी स्वतः मोजायचं होतं.

आज शिर्डीला गेलो होतो, आमण्यावरून समृद्धी. तिथे कारला १२० ची मर्यादा आहे, त्यामुळे ११० वर प्रयोग करायला कुणाची हरकत नाही. क्रूझ ११०, बायकोच्या हातात स्टॉपवॉच, मुलगी किलोमीटरचे दगड मोजायला. दहा किलोमीटरचे दगड ५ मिनिटं ३० सेकंदांत गेले. म्हणजे एकाला ३३ सेकंद, ३६०० भागिले ३३, १०९ आणि वर थोडे. नकाशाही सबंध वेळ १०९ च दाखवत होता. पुढे पन्नास दगड मोजले, तेवढ्यात ट्रिपमीटरवर ४८ झाले.

वजनमाप काका, तुम्ही खुर्चीत बसून काढलेला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा दशांशापर्यंत जुळला. साष्टांग.

तक्रार केली नाही, चलान भरलं. टायर लगेच बदलणं खिशाला परवडणारं नाही, पण पुढच्या वेळी १८५ च. तोवर डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवली आहे: "जे दिसतं तेच खरं."

---

पावशेर | पुढचा शनिवार, रात्री ९:३६

आणि सासरे?

---

डोंबिवलीकर_दोन | पुढचा शनिवार, रात्री ९:४१

मागच्या सीटवर तेच होते. चिठ्ठी त्यांच्याच अक्षरातली आहे.